राजा वूने उचललेलं भांडं

यतीन देवगिरकरला या नाटकातून मिळवायची होती फक्त एक सही. टाळ्या नको होत्या, दिवाळी अंकात फोटो नको होता, नाटकानंतरच्या जेवणात पहिल्या पंगतीचा मान तर नकोच होता. एका फॉर्मच्या चौथ्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, शैलेंद्र टिपणीस यांनी पेन टेकवावं, एवढंच. त्यासाठी तो सलग सात शनिवार टिपणिसांच्या बेसमेंटमध्ये चिनी मल्ल होऊन हरायला तयार होता.

कामाचा व्हिसा सहा वर्षांचा. पाचवं वर्ष संपायच्या आत कंपनीने ग्रीन कार्डाचा अर्ज दाखल केला तर पुढची वर्षं मिळत जातात. नाही केला, तर सहावं संपलं की बॅगा भरायच्या. यतीनचं पाचवं वर्ष सतरा नोव्हेंबर २००६ ला संपत होतं आणि वकिलाला कागद दहा तारखेला हवे होते. त्याची बायको नेत्रा इथे नर्सिंग शिकत होती. तिचा कोर्स संपायला दोन वर्षं होती आणि व्हिसा संपायला एक. म्हणजे एक वर्ष कमी पडत होतं, आणि ते टिपणिसांच्या पेनात होतं.

टिपणीस यतीनचे सॉफ्टवेअर कंपनीतले साहेब. माणूस वाईट नव्हे. सही करणार नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. ऑगस्टमध्ये म्हणाले, "रिलीज होऊन जाऊ दे." सप्टेंबरच्या सुरुवातीला म्हणाले, "गणपती होऊन जाऊ दे." आणि मग, "नाटक होऊन जाऊ दे रे, मग निवांत बसू." समोरच्याला हवी असलेली वस्तू जोवर आपल्याकडे आहे तोवर तो आपल्याकडे येतो, हे त्यांना चांगलं कळत होतं.

आता शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात चिनी राजा कशाला, हे सांगायला हवं. आदल्या वर्षी आम्ही मराठेशाहीवरचं नाटक केलं होतं. त्यात एक सरदार फितूर दाखवला. त्या सरदाराचे वंशज निघाले जवळच्याच नेपरव्हिलचे डेंटिस्ट. ते मध्यंतरात स्टेजवर चढले आणि माईक घेऊन त्यांनी घराण्याची बाजू पाऊण तास मांडली. निम्म्या लोकांना ती पटलीही. त्यानंतर मंडळाच्या उन्हाळी सहली दोन निघाल्या. एकाच पार्कात, एकाच दिवशी, दोन वेगळ्या झाडांखाली. म्हणून यंदा कमिटीने ठरवलं, नाटक ऐतिहासिकच, कारण शिवून ठेवलेले अंगरखे वाया जाता कामा नयेत. पण राजा असा हवा, की मंडळातल्या एकाही आडनावाचा त्याच्याशी संबंध पोचणार नाही. अध्यक्ष श्रीरंगकाका फाटक, वय बाहत्तर, म्हणाले, "इतका लांबचा बघा, की त्याची बाजू घ्यायला कोणी उठलंच नाही पाहिजे."

असा राजा उल्का धारपने शोधला. ती पब्लिक लायब्ररीत काम करते आणि लोकांनी परत न केलेल्या पुस्तकांबद्दल जेवढी कडक, तेवढीच इतिहासाबद्दल. तेवीसशे वर्षांपूर्वी चीनमध्ये छिन नावाचं राज्य होतं, तिथला राजा वू. बाप गेला, हा विशीच्या आत-बाहेर गादीवर आला. बापाचा हुशार प्रधान याला डोळ्यासमोर नको होता; त्याला घालवलं आणि जे वजन उचलतात त्यांना मोठमोठी पदं दिली. राजाला स्वतःलाही वजन उचलायची हौस. दुसरी हौस एकच. पूर्वेला झौ नावाच्या जुन्या सम्राटांची राजधानी होती. आपला रथ जाईल एवढा रस्ता काढून ती एकदा बघितली, की मेलो तरी चालेल, असं तो म्हणायचा. त्या रस्त्यासाठी त्याने एक शहर वेढलं, जिंकलं, साठ हजार माणसं मारली आणि पोचला. सम्राटांची तिथे कांस्याची अवाढव्य तीन पायांची भांडी होती, त्यांना तिंग म्हणतात. ज्याच्याकडे ती भांडी, त्याची पृथ्वी, अशी समजूत. वूने त्यातलं एक भांडं बघितलं आणि आपल्या मंग युए नावाच्या मल्लाशी ते उचलायची पैज लावली. उचललं. पायाचं हाड मोडलं. गेला. राज्य जेमतेम चार वर्षं.

"फँटास्टिक!" वाचन संपल्यावर टिपणीस म्हणाले. "कोणाच्याही भावना दुखावत नाहीत."

तालमी त्यांच्याच बेसमेंटमध्ये होणार असल्यामुळे राजा कोण, यावर चर्चा झाली नाही. राजा विशीतला आणि टिपणीस अठ्ठेचाळीसचे, हे आम्ही मेकअपवर सोपवलं. मंग युए झाला यतीन. राणी झाली टिपणिसांची खरीच बायको, संध्यावहिनी. तिला वाक्यं चारच होती, पण ती चारही नवऱ्याला अडवणारी असल्यामुळे पाठ करावी लागली नाहीत. आवाजांचं मशीन देवांगकडे. मी प्रॉम्प्टर. वही घेऊन विंगेत बसायचं आणि अडलेल्याला पुढचा शब्द द्यायचा. या कामात माणूस दिसत नाही, पण त्याला सगळे दिसतात.

पहिल्या तालमीला टिपणिसांना एकच शंका होती.

"उल्का, राजा शेवटी मरतो?"

"हो."

"दिवाळीच्या कार्यक्रमात?"

"शैलेंद्र, मेलाय तो. तेवीसशे वर्षं झाली. आता आपण काही करू शकत नाही."

"पण पाय मोडून म्हणजे... लोकांना वाटणार, याला झेपलं नाही."

"झेपलं नाहीच."

"थोडं अ‍ॅडजस्ट कर ना यार. चिनी इतिहास आहे, कोण तपासणार?"

"मी," उल्का म्हणाली.

तीन आठवडे ही बोलणी चालली. शेवटी तह झाला तो असा: राजा भांडं डोक्याच्या वर उचलेल, दहा सेकंद धरून ठेवेल, खाली ठेवेल, हसेल. मग अंधार, भांडं आदळल्याचा मोठा आवाज, आणि पडद्यामागून निवेदन की 'त्यानंतर काही काळाने महाराजांचं निधन झालं'. उल्काने त्या दिवशी घरी जाताना गाडीचं दार नको तितक्या जोरात लावलं.

तालमीत यतीन टिपणिसांना आधी 'सर' म्हणायचा, मग नाटकातलंच 'महाराज' म्हणू लागला. ते टिपणिसांना इतकं मानवलं, की ऑफिसातही कॉफी मशीनजवळ यतीन 'महाराज' म्हणायचा आणि बाजूच्या अमेरिकन मंडळींना ते आडनाव वाटायचं.

घोटाळा झाला तो यतीनच्या अभिनयामुळे. हा मुलगा नागपूरच्या कॉलेजात एकांकिका गाजवून आलेला. देवांगने भांडं बनवलं होतं प्लॅस्टिकच्या मोठ्या कचऱ्याच्या डब्याला थर्मोकोल चिकटवून, वर कांस्य रंगाचा स्प्रे मारून, खाली पाइपचे तीन पाय लावून. दोन बोटांनी उचललं जाईल असं. पण यतीन त्याच्याशी झटू लागला की मानेच्या शिरा तटतटायच्या, गुडघे थरथरायचे, भांडं गुडघ्यापर्यंत यायचं आणि जमिनीवर परत जायचं. बघणाऱ्यांच्या कमरा दुखू लागायच्या. तो हरायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मग टिपणीस यायचे आणि तेच भांडं उचलायचे.

टिपणिसांची मुलगी प्रीता, वय पंधरा, जिन्यात बसून चिप्स खात होती. ती म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक यू आर कॅरिंग लॉन्ड्री."

कोणी हसलं नाही, याचं कारण बेसमेंट कोणाचं होतं ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेवटची तालीम झाली. सगळे वर फराळाला गेले. मी वही शोधत खालीच होते, म्हणून पुढचं ऐकलं.

"यतीन," टिपणीस म्हणाले, "तुझा घाम खरा वाटतो. माझा वाटत नाही. का?"

"नाही महाराज, तुमचाही—"

"खोटं बोलू नकोस. शनिवारी तुझी पाळी झाली की अंधार होतो ना मिनिटभर? त्या वेळी भांड्यात तांदळाची दोन पोती टाक. बासमतीची, वीस-वीस पौंडाची. वजन खरं असलं की चेहरा आपोआप खरा होतो. कोणाला सांगायचं नाही. संध्याला तर नाहीच."

"महाराज, तुमची कंबर..."

"माझ्या कमरेचं मी बघतो. आणि हो, सोमवारी तो तुझा फॉर्म घेऊन ये. करून टाकू."

यतीनने पहिल्यांदाच वार ऐकला होता. तो वर गेला आणि त्याने तीन अनारसे खाल्ले.

शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये साडेतीनशे माणसं. नाटक रंगलं. डेंटिस्टसाहेब दुसऱ्या रांगेत निश्चिंत बसले होते. वूने प्रधानाला हाकललं, मल्लांना सेनापती केलं, शहर जिंकलं. विंगेत माझ्या पायापाशी तांदळाची दोन पोती, चेन लावलेली, आणि शेजारी यतीन. तेवढ्यात राणीच्या वेषातल्या संध्यावहिनी आल्या. पोती पाहिली, यतीनकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात माणसाला फार विचारावं लागत नाही.

"हे भांड्यात टाकायला सांगितलंय ना त्याने?"

यतीनने चिकटवलेल्या मिशा पुन्हा दाबल्या.

"मार्चमध्ये हा माणूस किराणा उतरवताना अडकला होता, ठाऊक आहे तुला? बावीस दिवस आडवा. मी मोजे घालत होते त्याला. यातलं एकही पोतं भांड्यात गेलं तर याद राख."

"पण वहिनी, ते म्हणाले—"

"ते काय म्हणाले ते मी बघते. मी काय म्हणाले ते तू बघ." आणि त्या आपलं तिसरं वाक्य म्हणायला स्टेजवर गेल्या.

यतीन माझ्याकडे वळला. प्रॉम्प्टरने शब्द द्यायचा असतो, पण हे वाक्य वहीत नव्हतं.

"मी काय करू, सांगा ना! एकानं टाक म्हटलं, एकीनं नको म्हटलं. सही यांच्याकडं आहे, पण हे आडवे झाले तर सही करन कोण?"

यात तथ्य होतं. आडवा साहेब सोमवारी ऑफिसात येत नाही. यतीनने मनात बेरीज-वजाबाकी केली आणि कंबर वाचवायचं ठरवलं. त्याची पाळी झाली, तो नेहमीसारखा सुंदर हरला, टाळ्या पडल्या, मिनिटभर अंधार झाला. त्या अंधारात त्याने पोती हलवली नाहीत. ती विंगेत जागच्या जागी राहिली. हळू आवाजात महाराजांना सांगायचं त्याच्या मनात होतं, पण तोपर्यंत दिवे लागले होते आणि टिपणीस सिंहासनाच्या चौथऱ्यावर पाय फाकवून उभे होते.

त्यांनी दोन्ही हातांनी भांडं धरलं. डोळे मिटले. चाळीस पौंडांसाठी श्वास भरून घेतला, मार्चपासून जपलेली कंबर पणाला लावली आणि सगळ्या ताकदीनिशी हिसका दिला.

भांडं वर गेलं. नुसतं वर गेलं नाही, ते उडालं. त्याच्यामागे हात गेले, हातांमागे महाराज गेले. चौथऱ्याची मागची कड आली आणि महाराज मागच्या मागे दोन पायऱ्या उतरले. पहिली डाव्या पायाने, दुसरी पायाशिवाय. महाराज विंगेच्या तोंडाशी आडवे झाले आणि भांडं हॉलच्या नजरेआड, विंगेत, माझ्या पुढ्यात पडलं. थर्मोकोलचा आवाज तो काय होणार! पण नेमक्या त्याच क्षणी देवांगने इमानदारीने मशीनचं बटण दाबलं आणि हॉलभर असा ढणढणाट झाला, की पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

साडेतीनशे माणसं उभी राहिली. कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" टिपणीसही ओरडत होते, पण लोकांना तो अभिनय वाटला. खरं कळायला अर्धं मिनिट गेलं.

मग सगळे विंगेत धावले. या धावण्यात कोणाचा तरी पाय पोत्यावर पडला, चेन उसवली आणि तांदूळ चौफेर. आता मागून येणाऱ्याला काय दिसलं? उपडं पडलेलं भांडं, शेजारी तांदळाची दोन पोती, सांडलेला बासमती आणि पाय धरून विव्हळणारा राजा. ज्याने त्याने आपापल्या मनात हे जोडून घेतलं. श्रीरंगकाका म्हणाले, "अरे, भांड्यात खरं वजन होतं! कोणी भरलं?"

टिपणीस स्ट्रेचरवर होते. त्यांच्याएवढं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं की भांड्यात काय होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "यतीनला विचारा."

उल्का मात्र विंगेच्या टोकाला उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "पडला," ती म्हणाली. "शेवटी पडला!"

हॉस्पिटलात मी संध्यावहिनींना घेऊन गेले. यतीन आधीच पोचला होता, अजून चिनी मल्लाच्या मिशांत. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. टिपणिसांनी नर्स बाहेर जायची वाट पाहिली.

"पोती कुठे होती?"

"बाहेर, महाराज."

"काढली कोणी?"

यतीनने एकदा संध्यावहिनींकडे पाहिलं. वहिनी हात कसे धुवावेत याचा भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या. पहिल्या पायरीपासून.

"मी टाकलीच नाही," यतीन म्हणाला. "मलाच वाटलं, नको."

"बरं," टिपणीस म्हणाले. यापेक्षा शिवी बरी. "सहा आठवडे घरी बसायला सांगितलंय. ऑफिसचं कसं करायचं ते बघू नंतर."

सोमवार गेला. मंगळवारपासून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे टिपणिसांकडे डबे सुरू झाले. आजाऱ्याच्या घरी रोज एकाने डबा द्यायचा. ईमेलवर यादी फिरते, आणि कोणाचं कोणाला कळत नसल्यामुळे पहिले पाच दिवस साबुदाण्याची खिचडी जाते. डब्यामागोमाग लोक जायचे, टिपणिसांच्या प्लास्टरवर सही करायचे आणि शौर्याची हकीकत ऐकायचे. यतीनही गेला, हातात फाइल घेऊन. टिपणिसांनी त्याच्यापुढे मार्कर धरला. "कर सही. सगळ्यांनी केलीय." यतीनने प्लास्टरवर सही केली. फाइल बगलेत घेऊन परत आला.

मंडळाच्या ईमेल ग्रुपवर भांड्यातलं वजन वाढत होतं. मंगळवारी चाळीस पौंड होतं. गुरुवारी साठ. शुक्रवारी दूरच्या कॅरी गावाहून कोणाच्या तरी भावाने लिहिलं, की शंभर पौंड एकदम डोक्यावर नेणं या वयात असामान्य आहे. त्याच पत्रांत यतीन आधी निष्काळजी होता, मग बेजबाबदार झाला, आणि शुक्रवारपर्यंत कोणीतरी विचारलं, की साहेबावर राग वगैरे होता का त्याचा? श्रीरंगकाकांनी चौकशीसाठी रविवारी, पाच नोव्हेंबरला कमिटी बोलावली. टिपणिसांना चालता येत नव्हतं म्हणून त्यांच्याच घरी. देवगिरकरांनी हजर राहून खुलासा करावा.

रविवारी डब्याची पाळी माझी होती. मी स्वयंपाकघरात वरण गरम करत होते. पलीकडे दिवाणखान्यात पाय उशीवर ठेवून टिपणीस, समोर लवकर आलेला यतीन, मांडीवर फाइल. दोघेही घड्याळाकडे बघत होते. टिपणिसांना भीती, हा खरं बोलला तर? यतीनला भीती, मी खरं बोललो तर? त्याच्या ओठांवर काय होतं ते मला कळत नव्हतं. दहा तारखेला पाच दिवस उरले होते, आणि ज्याच्यापाशी घालवण्यासारखं काही उरत नाही तो काहीही बोलतो.

संध्यावहिनी हात पुसत बाहेर गेल्या.

"पोती मी टाकू दिली नाहीत," त्या म्हणाल्या.

"तू?"

"मी. तुझी कंबर मला माहितीय. हा तिकडे हॉस्पिटलात माझ्यासाठी गप्प बसला, आणि मी तक्ता वाचत बसले. तक्त्यात अकरा पायऱ्या आहेत, शैलेंद्र. अकरा वेळा लाज वाटली मला."

"संध्या, आपण नंतर बोलू."

"नंतर कमिटी येईल. आता हा त्यांना खरं सांगणार. का नाही सांगणार? म्हणजे डेंटिस्टपासून कॅरीपर्यंत सगळ्यांना कळेल, की शैलेंद्र टिपणिसांनी रिकामा थर्मोकोलचा डबा उचलला आणि त्यात पाय मोडून घेतला."

मी वरणाचा गॅस बारीक केला.

टिपणीस छताकडे बघत राहिले. छतात कुठेतरी ते साडेतीनशे लोक अजून उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांनी कितीतरी रिलीज वेळेवर पोचवल्या, कोणी उभं राहिलं नव्हतं.

"यतीन," ते म्हणाले, "भांडं जड होतं."

"किती, महाराज?"

"ते तू ठरव." मग म्हणाले, "पेन कुठाय?"

फॉर्म ठेवायला टेबल जवळ नव्हतं. त्यांनी तो प्लास्टरवरच ठेवला, शॉमबर्गच्या त्रेचाळीस सह्यांवर, आणि चौथ्या पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात चव्वेचाळिसावी केली. यतीनने फाइल बंद केली तेव्हा दारावरची बेल वाजत होती.

कमिटीची बैठक वीस मिनिटं चालली. यतीन उभा राहिला आणि अंगणातलं फुलझाड तुडवलेल्या मुलासारखा जमिनीकडे बघत म्हणाला, "चूक माझीच आहे. भांड्यात मी पोती भरली. महाराजांना... टिपणिसांना सांगितलं नाही."

"किती पोती?" श्रीरंगकाकांनी विचारलं.

"दोन."

काकांचा चेहरा उतरला. "दोनच?"

टिपणीस खोकले.

"चार," यतीन म्हणाला.

"चार!" काका टिपणिसांकडे वळले. "ऐंशी पौंड, शैलेंद्र! आणि तू पडला नाहीस, तू आधी उचललंस."

"प्रेक्षक होते ना समोर, काका," टिपणीस नम्रपणे म्हणाले. "मग काय करणार."

शिक्षा ठरली. यतीनने दोन वर्षं रंगमंचावर यायचं नाही. शिवाय मंडळाच्या अंकात माफीनामा, तो टिपणिसांनी स्वतः थोडा सौम्य करून घेतला. उल्का कोपऱ्यात बसली होती. जाताना ती मला म्हणाली, "एक वाक्य मी नाटकातून कापलं होतं. लांबी वाढत होती म्हणून. राजा वू गेल्यावर त्या लोकांनी मंग युएचं अख्खं कुळ मारलं. पैज राजाने लावली, हाड राजाचं मोडलं, आणि मेलं कोण बघ."

"आपल्याकडे तसं काही होत नाही," मी म्हटलं.

ते मी फार लवकर म्हटलं.

अर्ज चौदा नोव्हेंबरला दाखल झाला. यतीनने नेत्राला सगळं खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "माझा कोर्स पूर्ण होतोय ना? मग चारच कशाला, सहा सांगायची होतीस." हे ती हसत म्हणाली. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यादीत तिचं नाव राहून गेलं. राहून गेलं, असंच सगळ्याजणी म्हणाल्या. गुढीपाडव्याला ती पुऱ्या लाटायला गेली, तर मंडळातल्या पद्मिनीकाकूंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, "असू दे गं, तू बस." गणपतीत मोदकांच्या टीममध्ये दुसरीच आली. यतीनचा चुलतभाऊ निमिष देवगिरकर दूर पिस्कॅटवेला राहतो, त्याने शिकागोच्या लोकांचा नाटकमहोत्सवाचा निरोप आला म्हणून फोन केला, तर पलीकडून विचारलं गेलं, "म्हणजे त्या भांडंवाल्या देवगिरकरांचे तुम्ही कोण?" आणि निमिषला या घटकेपर्यंत कळलेलं नाही की ते भांडं कसलं.

तर एकूण असं झालं. टिपणीस पुढच्या वर्षी बिनविरोध अध्यक्ष झाले. पावसाळी हवेत घोटा दुखतो तेव्हा तो ते चारचौघांत दुखवून घेतात. श्रीरंगकाकांना सांगायला एक गोष्ट मिळाली, ती आता सहा पोत्यांवर आहे. उल्काला तिचा शेवट जसाच्या तसा मिळाला. संध्यावहिनींना सहा आठवडे नवरा दिवसभर घरी मिळाला, तो फायद्यात धरायचा की तोट्यात, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. यतीनला सही मिळाली. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले, त्याबद्दल मला काहीच द्यावं लागलं नाही. मंडळात हाच दर आहे.

दिलं ते नेत्राने. नाटकात तिला एक वाक्यही नव्हतं. ती त्या शनिवारी हॉलमध्ये आलीसुद्धा नव्हती. सोमवारी शरीरशास्त्राची परीक्षा होती, तिचा पेपर घोट्याच्या हाडांवर होता, आणि ती घरी बसून अभ्यास करत होती.